पीपीएमचा आकडा माल्टचा, बाटलीचा नव्हे

"पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) जितका जास्त तितकी व्हिस्की धुरकट" असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. हा आकडा सहसा माल्टमधल्या, म्हणजे पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेल्या मोडाच्या बार्लीतल्या, फिनॉलचा असतो. फिनॉल म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं. व्हिस्की होईपर्यंत त्यातलं बरंच निघून जातं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लागावुलिन आणि कल ईला या दोन डिस्टिलरी, दोघींना माल्ट पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातूनच येतं, साधारण ३५ पीपीएमचं. तरी लागावुलिन १६ (१६ वर्षं पिंपात मुरलेली) जड, गोडसर, आयोडिनचा वास मारणारी. कल ईला १२ मात्र हलकी, लिंबाच्या सालीसारखी, मागून राखेची चव. ही सगळी किमया ऊर्ध्वपातनाची! कल ईलाची तांब्याची भांडी उंच, वाफेचा तांब्याशी संबंध जास्त. लागावुलिनला भांडी जवळपास काठोकाठ भरतात आणि धार (वाफ थंड होऊन उतरणारी दारू) सावकाश काढतात. शिवाय फिनॉल धारेच्या उत्तरार्धात जास्त उतरतात, त्यामुळे धार कुठे तोडली, म्हणजे दारू गोळा करणं कधी थांबवलं, यावर खूप अवलंबून असतं.

दोन्ही शेजारी ठेवून प्याच, बर्फ अजिबात नको. आधी नुसती, मग चमचाभर पाणी घालून. आणि रिकामे ग्लास लगेच धुवू नका. मी सकाळी ते हुंगतो. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, नुसता धूर उरतो आणि दोघींतला फरक तेव्हा सर्वांत स्वच्छ कळतो.