ऑक्सफर्ड-केम्ब्रिज आपल्यासारख्यांसाठी नाही, ही समजूत कितपत खरी? (भाचीच्या अर्जाबाबत विचारणा)

दांडियाबाजार, बडोदे

सस्नेह नमस्कार. माझी भाची येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात इतिहास विषयात एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरची भाषा मराठी, बारावीपर्यंतचे शिक्षण गुजराती माध्यमात, आणि इंग्रजी महाविद्यालयात आल्यावर पुस्तके वाचून वाचून कमावलेले. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, एका पेढीवर हिशेबनीस आहेत. आजोबांनी तिला लहानपणी मोडी शिकवली होती. त्या बळावर तिने बडोदे संस्थानच्या दप्तरातील काही जुने कागद वाचले आणि त्यांवर आपला लघुप्रबंध लिहिला. तो वाचून तिच्या प्राध्यापकांनी केम्ब्रिजच्या दक्षिण आशियाई अभ्यासाच्या एम. फिल.ला आणि ऑक्सफर्डच्या तशाच एका अभ्यासक्रमाला अर्ज करण्यास सुचवले.

आठ दिवस ती आनंदात होती. नंतर एके दिवशी म्हणाली, "मामा, मी अर्ज करणार नाही. ते लोक वेगळे असतात." कोण लोक, असे विचारले तेव्हा तिने जे वर्णन केले ते असे : शेकडो वर्षांच्या निवासी शाळांतून आलेली, पिढीजात श्रीमंत, नदीत होड्या वल्हवणारी, काळे झगे घालून जेवायला बसणारी आणि दुसऱ्याच्या उच्चारांना हसणारी मुले, आणि भारतातून जाणारेही दिल्ली-मुंबईच्या नामांकित इंग्रजी शाळांतले. पैशांचा विषय तिने काढलाही नाही, आणि मला खरे दुःख त्याचेच झाले, कारण पैसे नाहीत म्हणून थांबलेले माणूस पैशांची सोय शोधते, पण आपण त्या जागेचे नव्हेच असे ज्याच्या मनाने घेतले ते काही शोधतच नाही. आम्ही एका खासगी सल्लागाराकडे गेलो होतो. त्या गृहस्थांनी गुणपत्रक पाहण्याआधी शाळेचे माध्यम विचारले आणि "आवाक्यातली" विद्यापीठे पाहा असे सुचवले. त्या दिवसापासून तिचे मन अधिकच मागे गेले.

तेथे राहून आलेल्यांना माझे दोन प्रश्न आहेत. हे चित्र खरे आहे का? आणि ही विद्यापीठे सर्वांसाठी दारे उघडत आहेत असे जे वाचनात येते, त्याचा हिच्यासारख्या मुलीला काही उपयोग आहे का?

मांजलपूर

दादा, मी मांजलपुरात वाढले. माझे वडील कारखान्यात पाळीवर कामाला होते. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर मी केम्ब्रिजला एक वर्ष शिकले. आपल्या भाचीच्या मनातले चित्र सर्वस्वी खोटे आहे असे मी सांगितले तर ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि तिने तो ठेवूही नये. ब्रिटनमध्ये शुल्क घेणाऱ्या खासगी शाळांत एकूण मुलांपैकी सुमारे 7 टक्के मुले शिकतात. ऑक्सफर्डच्या ब्रिटिश पदवी-विद्यार्थ्यांत मात्र अशा शाळांतून आलेल्यांचे प्रमाण अजूनही 30 टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा चित्राला आधार आहे. पण याच आकड्याचा अर्थ असाही होतो की तेथील दर तीन ब्रिटिश विद्यार्थ्यांपैकी दोन सरकारी शाळांतून आलेले असतात, आणि त्या दोघांचे चित्र कोणी रंगवत नाही.

माझ्या शेजारच्या खोलीत इंग्लंडच्या उत्तर भागातली, जुन्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातली मुलगी राहत होती. तिच्या घराण्यातून विद्यापीठात पाऊल ठेवणारी ती पहिलीच. काळ्या झग्यातले औपचारिक जेवण तिलाही माझ्याइतकेच नवे होते. तिच्या उच्चारांवर वर्गातली काही मुले हसली होती हे तिने मला सांगितले होते. पण सुटीत घरी गेल्यावर जुन्या मैत्रिणी "तू आता मोठ्या लोकांतली झालीस" म्हणून दूर झाल्या, हे सांगताना ती रडली. अमुक विद्यापीठातली मुले अशीच असतात ही समजूत बाहेरच्यांना आत येऊ देत नाही हे आपल्याला दिसते. आत आलेल्याला ती परत आपल्या माणसांत मिसळू देत नाही, हे मला तिच्याकडे पाहून कळले.

दुसरी गोष्ट भाचीला मुद्दाम सांगावी. चर्चावर्गात माझ्या आसपासची काही मुले पुस्तक अर्धेच वाचून आलेली असतानाही इतक्या सहजतेने बोलत की पहिले सत्रभर मी गप्प राहिले. त्या सहजतेलाच मी बुद्धी समजत होते. दुसऱ्या सत्रात माझ्या लक्षात आले की ती सवय आहे. त्यांच्या शाळांत दहा-बारा मुलांच्या वर्गात रोज मत विचारले जाते, तर आमच्या वर्गात साठ मुले होती आणि प्रश्न विचारणे म्हणजे तास अडवणे मानले जाई. सवय म्हटल्यावर ती लावून घेता येते. मी प्रत्येक तासाला जाण्याआधी एक प्रश्न आणि एक आक्षेप कागदावर लिहून नेऊ लागले आणि उन्हाळ्यापर्यंत मला कागद लागेनासा झाला.

झग्यांविषयीही लिहिते, कारण दुरून तेच सर्वांत जास्त दिसतात. ऑक्सफर्डमध्ये परीक्षेला ठरावीक पोशाख आणि झगा घालावा लागतो. ही प्रथा बंद करावी का यावर 2015 मध्ये विद्यार्थ्यांचे मतदान झाले, तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक मते ती चालू ठेवण्याच्या बाजूने पडली. सगळ्यांचा पोशाख एक असला की कोणाच्या अंगावर काय आहे याची तुलनाच उरत नाही, असे मानणारे तेथे बरेच आहेत. मला स्वतःला झगा कधी आवडला नाही, पण शाळेचा गणवेश घालून वाढलेल्या मला हे म्हणणे समजते.

आता आपला दुसरा प्रश्न. 2000 साली उत्तर इंग्लंडमधल्या एका सरकारी शाळेतील अत्यंत हुशार मुलीला ऑक्सफर्डने प्रवेश नाकारला, त्यावरून तेथील अर्थमंत्र्यांनी जाहीर टीका केली आणि देशभर वाद झाला. त्याआधीच, 1997 मध्ये, सटन ट्रस्ट या सेवाभावी संस्थेने सरकारी शाळांतील मुलांना उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये राहून शिकण्याची सोय सुरू केली होती. पुढे 2010 पासून विद्यापीठाने 'युनिक' नावाने स्वतःचे असे वर्ग चालवले. लेडी मार्गारेट हॉल या ऑक्सफर्डच्या महाविद्यालयाने 2016 मध्ये एक पायाभूत वर्ष सुरू केले, केम्ब्रिजने 2022 मध्ये आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने 2023 मध्ये तीच वाट धरली. ज्यांच्या शिक्षणात गरिबीमुळे, आजारपणामुळे किंवा घर मोडल्यामुळे खंड पडला अशांना थोड्या कमी गुणांवर घेऊन, त्यांचा खर्च उचलून, एक वर्ष तयारी करून घ्यायची, अशी ही योजना आहे. मला ती मनापासून योग्य वाटते.

लष्कर, ग्वाल्हेर

मांजलपूरच्या ताईंचा अनुभव मोलाचा आहे, परंतु निवृत्त शिक्षक म्हणून दोन दुरुस्त्या सुचवतो. 7 टक्के हा आकडा सर्व इयत्तांचा मिळून आहे. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत खासगी शाळांचा वाटा त्याहून बराच मोठा असतो, त्यामुळे तुलना काहीशी सौम्य होते. उलट सरकारी शाळा म्हटल्या की सगळ्या सारख्या समजू नयेत. इंग्लंडमध्ये अजून सुमारे 160 ग्रामर शाळा आहेत. त्या सरकारी आणि विनाशुल्क असल्या तरी अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडतात, आणि त्या परीक्षेसाठी खासगी शिकवण्या लावणारी घरे बहुधा सुस्थितीतलीच असतात. सरकारी शाळांचा टक्का वाढला एवढ्यावरून गरिबांची मुले तेवढ्याच प्रमाणात आत गेली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

अधिक महत्त्वाचे म्हणजे, ताईंनी सांगितलेल्या या योजना ब्रिटनमधल्या शालेय मुलांसाठी आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी बडोद्याहून अर्ज करणाऱ्या मुलीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. तिच्यासाठी दार उघडणे याचा अर्थ शिष्यवृत्ती, आणि त्या बाबतीत मोकळेपणाने बोलले पाहिजे. न्यूनगंड गेला तरी शुल्काचा आकडा जात नाही. भावनेच्या भरात घर गहाण टाकून मुलांना पाठवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

केम्ब्रिजसाठी गेट्स केम्ब्रिज शिष्यवृत्ती आहे. ती 2000 साली मिळालेल्या 21 कोटी डॉलरच्या देणगीतून सुरू झाली, ब्रिटनबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि पूर्ण खर्च देते. ऑक्सफर्डला क्लॅरेंडन आहे. तिच्यासाठी निराळा अर्ज लागत नाही, प्रवेशाचा अर्ज डिसेंबर-जानेवारीतल्या ठरलेल्या मुदतीत पोहोचला की विचार होतो. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचे 'सोआस' या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांना मिळते आणि गुणांबरोबर आर्थिक गरजही पाहते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणून ती सध्या बाजूला ठेवावी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या वर्षाला 125 जागा आहेत. त्या अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी असून कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असावे लागते. आपले कुटुंब त्यात बसते की नाही हे आपण पाहावे, पण हे वाचणाऱ्या इतर कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिले.

शाळेच्या माध्यमाची भीती मात्र भाचीने सोडावी. अर्जात आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुण लागतात. ते ठरलेल्या मर्यादेत आले की इंग्रजीचा प्रश्न तेथे संपतो. त्यापुढे पाहिला जातो तो संशोधनाचा आराखडा, लेखनाचा नमुना आणि प्राध्यापकांची पत्रे. मराठी, गुजराती आणि मोडी या तिन्ही येणारा, मूळ दप्तर स्वतः वाचू शकणारा उमेदवार त्या विषयात किती मिळत असेल याचा तिने विचार करावा. आराखड्याच्या पहिल्याच परिच्छेदात मोडीचा उल्लेख यायला हवा. अनेक हुशार मुले अशी गोष्ट संकोचाने शेवटच्या ओळीत लिहितात.

कमाटीबाग

बडोद्यात राहून या विषयावर लिहायचे तर सन 1913 चा उल्लेख झालाच पाहिजे. त्या वर्षी सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची, असा करार होता. त्याप्रमाणे 1917 मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात ते कसेबसे राहिले आणि तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. ज्या बागेत ते त्यानंतर बसले ती आमचीच कमाटीबाग, आणि ते ठिकाण आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. मी रोज सकाळी तेथून चालत जातो. कोलंबियाने त्यांना वर्गात बसू दिले आणि बडोद्याने खोली दिली नाही, हे आपण बडोदेकरांनी ऑक्सफर्डच्या लोकांना नावे ठेवताना आठवावे.

दुसरे उदाहरण भाचीला अधिक जवळचे वाटेल. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुणांच्या जोरावर त्यांना इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण त्या स्त्री असल्याने ती नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी मात्र तीस वर्षांनी, 1922 मध्ये हाती आली, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवातच 1920 मध्ये केली. केम्ब्रिजला तर त्यासाठी 1948 उजाडले. 1871 पर्यंत या दोन्ही विद्यापीठांतील बहुतेक पदे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाबाहेरच्यांना बंद होती. त्या काळात तेथील विद्यार्थ्याचे जे ठरीव चित्र होते त्यात कॉर्नेलियाबाई कोठेच बसत नव्हत्या. त्या गेल्या म्हणून पुढच्या चित्रात एका नऊवारी... नव्हे, त्या पारशी पद्धतीची साडी नेसत, एका साडीला जागा झाली.

मांजलपूर

ग्वाल्हेरच्या सरांची दुरुस्ती मान्य आहे. त्या योजना भाचीच्या उपयोगाच्या नाहीत हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. तिला माझ्याशी बोलायचे असेल तर दादा, आपण येथे निरोप ठेवावा. माझा स्वतःचा संशोधनाचा आराखडा, त्यावर प्राध्यापकांनी मारलेल्या लाल खुणांसकट, मी तिला दाखवीन. मला असा कोणाचाही कागद पाहायला मिळाला नव्हता, आणि पहिला मसुदा मी चक्क चरित्रलेखनासारखा लिहिला होता.

दांडियाबाजार, बडोदे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री हा धागा भाचीला, तिच्या आई-वडिलांना आणि आजींना मोठ्याने वाचून दाखवला. मेहुणे शिष्यवृत्त्यांची नावे आपल्या वहीत उतरवून घेत होते; त्यांची त्या वहीवर हिशेबाखेरीज काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ असावी. शाळेतल्या सवयीचा परिच्छेद भाचीने दोनदा वाचायला लावला. आजींनी फक्त एवढेच विचारले की मोडी त्यांना खरेच लागते का, आणि लागते म्हटल्यावर त्या उठून आजोबांची सरावाची पाने ठेवलेली पत्र्याची पेटी घेऊन आल्या.

भाची सध्या फक्त केम्ब्रिज आणि ऑक्सफर्ड असे दोनच अर्ज करणार आहे, तेही शिष्यवृत्तीसह. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर जायचे नाही आणि घरावर कर्ज काढायचे नाही, हे तिने स्वतःच सांगितले. आयईएलटीएससाठी नाव नोंदवले आहे. मांजलपूरच्या ताई, रविवारी सकाळी आपल्याला सवड असेल तर ती आराखड्याचा कच्चा मसुदा घेऊन येईल. पहिल्या परिच्छेदात मोडी आणली आहे, पण ती पुरेशा ठामपणे आली आहे की नाही हे आपणच पाहून सांगावे.