मदत हवी आहे : सिंहगडाचा चढ, सायकल बसून मारायची की उभं राहून?

धापाधाप | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. या नाही, पुढच्या रविवारी ऑफिसातल्या सहा जणांबरोबर सायकलने सिंहगड करायचाय. काल सराव म्हणून एकटाच गेलो. दोनदा उतरून ढकलावी लागली, तीही शाळकरी पोरांच्या देखत. बसून मारली की गुडघे दुखतात. उभं राहून मारली की पन्नास पॅडलांत छाती फुटायची वेळ येते. यूट्यूबवर एक म्हणतो बूड उचलूच नका, दुसरा म्हणतो उठल्याशिवाय घाट सरत नाही. मला निबंध नकोय. बसून की उभं राहून, एवढंच सांगा. घाई आहे.

रानवारा | रात्री ९.२२

सायकल कोणती? गिअर किती? तुमचं वजन? गुडघा नक्की कुठे दुखतो, वाटीच्या पुढे, मागे की बाजूला? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

डबलसीट | रात्री ९.३१

गिअर कसले विचारता! १९७८ साली मी वाईहून पसरणी घाट २२ इंची काळ्या सायकलवर चढलोय, कॅरियरवर धाकटा भाऊ. चढ आला की उठायचं, चढ संपला की बसायचं. गुडघा नावाचा अवयव असतो हे आम्हाला साठीत कळलं. हल्लीचे हे गिअर, हेल्मेटं, जेलच्या चड्ड्या म्हणजे सगळे नखरे. उभं राहून मारा. उत्तर मिळालं, धागा बंद करा.

रानवारा | रात्री ९.३५

काका, भाऊ पूर्ण घाटभर कॅरियरवर होता?

डबलसीट | रात्री ९.४८

शेवटच्या वळणांना उतरून मागून ढकलत होता. त्याने काय फरक पडतो?

धापाधाप | रात्री ९.५५

@रानवारा, गिअरचीच आहे हो, २१ गिअर. एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, २६ इंची. वजन म्हणजे माझं की सायकलचं? माझं ७८, सायकल सतराच्या आसपास. गुडघा पुढून दुखतो. पण मुद्दा तो नाही. बसून की उभं?

केडन्सकुमार | रात्री १०.२०

बसून. कारण ऐका. बसलात की कमरेवरचा भार सीट उचलते. उभं राहिलात की तोच भार मांड्या, पोटऱ्या, दंड आणि पाठ मिळून तोलतात. त्याच वेगाने चढताना उभ्याने नाडी जास्त पळते, प्राणवायू जास्त जळतो. पॅडलवर जोर जास्त पडतो हे खरं, पण तो जोर उधारीचा. मिनिटभरात वसुलीला माणूस दारात. सिंहगडाचा गाडीरस्ता गोळेवाडीच्या नाक्यापासून साधारण नऊ किलोमीटर आहे. तिथे उधारी चालत नाही. मिनिटाला ७० ते ८० पॅडल, बूड सीटवर, श्वास लयीत. बस.

नंदीबैल | रात्री १०.४१ (बंगळुरू)

पुन्हा तेच बूड-सीटवर पुराण. इटलीचा सायकलपटू मार्को पँटानी १९९७ च्या टूर द फ्रान्समध्ये आल्प द्युएझचा घाट कसा चढला ते बघा आधी. २१ वळणं, जवळजवळ १४ किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांचा चढ, आणि हा गडी हँडलच्या खालच्या वाकात हात घालून उभ्यानेच नाचतोय. त्या दिवसाचा टप्पा जिंकला.

केडन्सकुमार | रात्री १०.४९

आणि १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर जिंकणारा मिगेल इंदुराइन बहुतेक चढ बसूनच काढायचा. पँटानीला १९९९ मध्ये रक्ततपासणीवरून, उत्तेजकांच्या संशयाने, जिरो या इटलीच्या शर्यतीतून घरी पाठवलं होतं, तेवढंही लिहा की.

नंदीबैल | रात्री १०.५३

त्या काळातला धुतल्या तांदळासारखा कोण होता ते आधी सांगा, मग पँटानीवर बोला.

रानवारा | रात्री ११.०२

दोघांची वजनं बघा राव. पँटानी ५७ किलोच्या आसपास, इंदुराइन ८०च्या. हलक्या माणसाला स्वतःचं शरीर पायांवर तोलणं स्वस्त पडतं, म्हणून तो वरचेवर उठू शकतो. धागाकर्ते ७८ किलोचे आहेत, त्यांनी पँटानीकडे बघून काय मिळणार? हे झालं वजनाचं, पण गुडघ्याचा प्रश्न तसाच राहिलाय.

पिठलंभाकरी | मंगळवार, सकाळी ७.०५

कोणी महत्त्वाचं सांगतच नाहीये. रविवारी सकाळी सातनंतर त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. चढावर सायकल हळू असते, डावीकडे जागा नसते, मागून हॉर्न. बसा नाहीतर उभे राहा, साडेपाचला पायथ्याचं डोणजे सोडलं नाही तर काही खरं नाही. वर गेल्यावर कांदाभजी नंतर, आधी मडक्यातलं दही. साखर घालून. ज्याला मीठ घालायचं त्याने वेगळा धागा काढावा.

डबलसीट | सकाळी ७.३०

दह्यात मीठच.

आळसोबा | सकाळी ९.१५

ई-सायकल घ्या. मी घेतली. घाम नाही, गुडघा नाही, भांडण नाही.

ब्रेव्हेवाला | सकाळी ९.५०

मी बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या (२०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० असेल तर वीस तासांत). माझा अनुभव दोघांपेक्षा वेगळा. लांबच्या पल्ल्यात आम्ही वेगासाठी उठत नाही, बुडाला सुट्टी द्यायला उठतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी वीस-तीस पॅडल उभ्याने. रक्त खेळतं, पाठ मोकळी होते, काम करणारे स्नायू थोडे बदलतात. मग परत बसायचं. हा बसणं विरुद्ध उभं राहणं असा सामना नाहीच मुळी. आणि चड्डीच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, शिवण घासते. व्हॅसलीन लावा.

धापाधाप | सकाळी १०.०४

मी व्हॅसलीनचं विचारलं होतं का?

उंबरठा | सकाळी ११.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलवाली नाही, तरी बोलते. गुडघा वाटीच्या पुढून दुखतो आणि बसल्यावरच दुखतो, म्हणजे पहिला संशय सीटच्या उंचीवर. सीट खाली असेल तर पॅडल वर आल्यावर गुडघा फार दुमडतो आणि त्या अवस्थेत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. उभं राहिल्यावर पाय जास्त सरळ होतो, म्हणून तेव्हा दुखत नसेल. (मागून दुखत असतं तर उलट, सीट फार वर आहे का ते बघायला सांगितलं असतं.) भिंतीला टेकून सायकलवर बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. तुमचा होतो का? आणि सूज असेल, रात्री दुखत असेल, तर इथे विचारू नका, डॉक्टरांना दाखवा.

धापाधाप | दुपारी १.१२

ताई, सूज वगैरे काही नाही. टाच ठेवली तर पाय चांगलाच वाकलेला राहतो. पण सीट मुद्दामच खाली ठेवलीय. सिग्नलला दोन्ही तळवे टेकले पाहिजेत ना.

केडन्सकुमार | दुपारी १.१५

😑

रानवारा | दुपारी १.२०

सिग्नलला सीटवरून पुढे उतरायचं असतं, बसून पाय टेकायचे नसतात. बरं, दुसरं. घाटात गिअर कितीवर होता? पुढचा आणि मागचा, दोन्ही सांगा.

धापाधाप | दुपारी १.३८

मागचा १ वर, म्हणजे सगळ्यात हलका. एवढं कळतं मला. पुढचा ३ वर. पुढचा मी बदलतच नाही, डाव्या हाताचं ते बटण सायकल घेतल्यापासून कडक आहे. दुकानदार म्हणाला होता, पॅडलजवळचं मोठं दातेरी चाकच चांगलं, बाकीची दोन शहरात लागत नाहीत. त्याचा काय संबंध?

नंदीबैल | दुपारी १.४१

देवा.

ब्रेव्हेवाला | दुपारी १.४२

बावीस प्रतिसाद झाले आणि माणूस ४२ दात्यांवर सिंहगड चढतोय.

केडन्सकुमार | दुपारी २.३०

आता आकडे मांडतो, नंदीबैलांनी मध्ये बोलू नये. अशा सायकलींना पुढे बहुधा ४२, ३४, २४ दात्यांची तीन चाकं आणि मागे १४ ते २८ असतात. मोजून बघा. पुढे ४२, मागे २८ असताना पॅडलच्या एका फेरीत २६ इंची सायकल साधारण ३.१ मीटर जाते. ताशी आठ किलोमीटरने चढत असाल तर पॅडल मिनिटाला ४३ वेळाच फिरतंय. तेच पुढे २४ ठेवलं तर एका फेरीत १.७७ मीटर, म्हणजे त्याच वेगाला मिनिटाला ७५ फेऱ्या. चढ तोच, वेग तोच, एकूण मेहनत तीच. ९५ किलोला आठ टक्क्यांच्या चढावर साधारण १८० वॉट दोन्हीकडे लागणार. पण प्रत्येक फेरीत पायाला लावायचा जोर जवळजवळ ४३ टक्क्यांनी कमी. तुम्ही उभे राहत नव्हता, तुम्हाला गिअर उभं करत होता. बसून पॅडल फिरतच नाही म्हटल्यावर माणूस उठणारच.

डबलसीट | दुपारी २.५१

आमच्या काळ्या सायकलला पुढे दाते मोजायची पद्धत नव्हती.

नंदीबैल | दुपारी ३.१०

आकडे मान्य. पण माझंही ऐकून घ्या. सिंहगडाला मधली काही वळणं अशी आहेत की आतल्या बाजूने गेलात तर रस्ता भिंतीसारखा उभा राहतो. २४ दात्यांवरसुद्धा तिथे वेग मरतो. तेवढ्यापुरतं उठावंच लागतं. मात्र उठायच्या आधी मागचा गिअर एक पायरी जड करायचा. उभ्याने पॅडल सावकाश पडतं, हलक्या गिअरवर उठलात तर पाय पोकळीत गेल्यासारखा होतो. सायकल शरीराखाली डावी-उजवीकडे झुलू द्यायची, धड फार हलवायचं नाही. बसताना गिअर परत हलका. शक्य असेल तिथे वळणाच्या बाहेरच्या बाजूने जा, चढ सौम्य पडतो. पण समोरून गाडी येत नाही ना ते बघून.

ब्रेव्हेवाला | दुपारी ३.२५

+१. आणि सहा जण आहात म्हणून सांगतो. उठण्याच्या क्षणी सायकल हातभर मागे येते. मागच्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला चिकटून असेल तर तो आडवा. पाय खाली जाण्याच्या जोरावर उठा, पॅडल वर असताना लोंबकळून नाही. पावसाळी शेवाळ असेल तिथे अजिबात उठू नका, वजन पुढे गेलं की मागचं चाक जागेवर फिरतं.

विकणेआहे | दुपारी ४.००

रोडबाईक विकायची आहे, फारशी वापरलेली नाही, कारण घरात

संपादक | दुपारी ४.१८

वरील प्रतिसाद खरेदी-विक्री विभागात हलवला आहे.

धापाधाप | दुपारी ४.४०

म्हणजे बसून. सरळ सांगायला दीड दिवस लागला. आता ते बटण कसं सोडवायचं?

रानवारा | दुपारी ५.०५

बटण जोर लावून मोडू नका. बहुतेक केबल आतल्या आत गंजली असेल. तारेच्या म्यानाचं तोंड उघडून बघा, लाल चुरा दिसला तर केबल आणि म्यान दोन्ही बदला. चेन लहान चाकावर जाताना आत, फ्रेमकडे पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) आतल्या मर्यादेचा स्क्रू जुळवावा लागेल. स्वतः जमत नसेल तर दुसऱ्या मेकॅनिककडे न्या, त्या दुकानात परत नको. आणि गिअर बदलायचा तो चढ लागायच्या आधी. पूर्ण जोर लागलेला असताना पुढची चेन उतरवायला गेलात की कडाकड आवाज होऊन तिथेच थांबाल. सीट एकदम वर नेऊ नका, चार-पाच मिलिमीटर, दोन दिवस चालवा, पुन्हा तेवढीच.

उंबरठा | दुपारी ५.२०

हे सीटचं बरोबर. घाई नको.

पिठलंभाकरी | संध्याकाळी ६.१५

ताकाचा विषय कोणी काढलाच नाही.

धापाधाप | पुढचा शनिवार, दुपारी १२.५०

अपडेट. केबल गंजलेलीच होती. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने २५० रुपयांत नवी घातली आणि वर ऐकवलं, "तीन चाकं दिलीत ती शोभेला का?" सीट दोन वेळा मिळून सेंटिमीटरभर वर घेतली. सिग्नलला आता बोटांवर उभा राहतो, गुरुवारी एकदा रिक्षाच्या अंगावर कललोसुद्धा.

आज पहाटे एकटाच गेलो. नाक्यापासून वरपर्यंत उतरलो नाही. थांबलो मात्र दोनदा. एकदा पाणी प्यायला आणि एकदा समोरून बस आली म्हणून, खरंच. चार वेळा उभा राहिलो, तीस-तीस पॅडल, त्यातल्या पहिल्या वेळी मागचा गिअर जड करायला विसरलो आणि नंदीबैल म्हणाले तसा पाय पोकळीत गेला, सीटवर आपटलो. गुडघा गप्प आहे. मांड्या बोलतायत. वेळ सांगणार नाही. दही मिठाचं खाल्लं.

डबलसीट | दुपारी १.०२

शाब्बास.

केडन्सकुमार | दुपारी १.१०

चार वेळा कशाला उठलात? दोनदा पुरलं असतं.

नंदीबैल | दुपारी १.१४

आठ वेळा उठले असते तर थांबावं लागलं नसतं.

धापाधाप | दुपारी १.३०

उद्या पहाटे सगळे जमतायत म्हणून पटकन एकच विचारतो. उतरताना पुढचा ब्रेक की मागचा? एका शब्दात सांगा.

रानवारा | दुपारी १.३३

ब्रेक कोणते आहेत, डिस्क की रबराचे? आज उतरलात तेव्हा कोणता दाबत होतात?

धापाधाप | दुपारी १.४०

उजव्या हाताचा. डावा जरा कडक आहे.