झोपाळ्याचं चपडा पॉलिश पांढरं पडलंय आणि चिकटतंय, काय करू?

नमस्कार मंडळी. बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. दिवाणखान्यात आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा. (शेजारी हींचको म्हणतात, आमची मुलंही आता तेच म्हणतात.)

आषाढात मिस्त्री लावून चपड्याचं (म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचं) पॉलिश करून घेतलं. पावसाळ्यात घाई केली ही चूक माझीच, पण गणपतीला घर भरतं आणि तो काळवंडलेला पाट बघवत नव्हता. काचपेपर, भेगांत चाकमिट्टी (खडूची पूड), मग कापसाच्या पोटलीने चार दिवस हात, सगळं रीतसर झालं. चपडा मात्र तो घरूनच कॅनमध्ये तयार घेऊन आला होता. दोन दिवस पाटात वरचा पंखा दिसत होता.

आता कडांना ढगाळ झाक आली आहे, पुसून जात नाही. आणि बसतो तिथे पाट चिकटतो. परवा काका उठले तर त्यांच्या विजारीची वीण पाटावर उमटलेली!

मिस्त्री म्हणतो, खरवडून पीयू (पॉलियुरेथेनचं वॉर्निश) मारू. मला ते नकोय. पीयूवर ओरखडा पडला की तेवढ्यापुरता बुजवता येत नाही, चपडा निदान स्पिरिटने पुन्हा विरघळतो. सगळं न काढता हे सुधारेल का?

प्रतिसाद १:
आधी झाकेचं. स्पिरिट उडताना पाट गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थरात अडकते. पावसाळ्यात हे होणारच. कोरड्या उन्हाच्या दुपारी स्वच्छ पोटली स्पिरिटने जेमतेम दमट करा (गालाला गार लागावी, ओली नाही) आणि न थांबता हलक्या हाताने फिरवा. थांबलात की तिथला थर उचलला जाईल. देवघरातलं निरंजन आधी विझवा.

चिकटण्याबद्दल माझा संशय त्या कॅनवर आहे. भिजवलेला चपडा महिनोन्महिने पडून राहिला की त्याची स्पिरिटशीच प्रक्रिया होते, मग तो कडक वाळतच नाही. मिस्त्रीकडे उरला असेल तर काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर समजा. नाही रुतलं तर अळशीचं तेल जास्त झालंय. पोटली सरकायला एखादा थेंब पुरतो, काही जण ओततात. ते स्पिरिटच्या पुसण्याने बरंचसं निघतं.

चपडा जुना निघाला तर थर काढण्यावाचून इलाज नाही. पण खरवडू नका. स्पिरिटात भिजवलेली चिंधी थोडा वेळ ठेवा, मऊ पडून निघतो. नवा भिजवताना लिटरभर स्पिरिटला 140-150 ग्रॅम, रात्रभर ठेवून मलमलीतून गाळा. हे सगळं नवरात्रानंतर. तोवर वर चादर अंथरू नका, तिचीही वीण उमटेल.

मूळ प्रश्नकर्ता:
काचेवर थेंब टाकला होता, आज सकाळी नख सरळ आत गेलं. मिस्त्री म्हणतो, गेल्या दिवाळीचा उरलेला होता. पाट उतरवून भिंतीला टेकवलाय. आईचं म्हणणं, गुजरातेत दारूबंदी आणि आपला झोपाळा लिटरने स्पिरिट पिणार!

एक राहिलं. साग आधीच गर्द आहे, तर फिकट लेमन चपडा घेऊ की गडद बटन चपडा?