टेस्ट बटणाने फ्लॅश उडतो, कॅमेऱ्याने उडत नाही. वायर बदलू की ॲडॉप्टर?

संत्राकुंडी

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्याला राहते. गच्चीवर संत्र्याची दोन कलमं आहेत, कुंडीतली. फळाच्या नावानं शून्य, पण लिंबू फुलपाखरांनी त्यांना बाळंतपणाचं माहेर करून टाकलंय. पानोपानी अळ्या. लहान असताना हुबेहूब चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी, दुतोंडी शिंग बाहेर काढतात. मला ते शिंग टिपायचंय.

कॅमेरा कॅनन २००डी मार्क २, ५० मिमीची लेन्स, मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (जवळचं टिपायला लेन्समागे लावायची पोकळ नळी). अळी लेन्सपासून वीतभरही लांब नसते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडला तर लेन्सचीच सावली अळीवर पडते. म्हणून फ्लॅश बाजूनं मारायचं ठरवलं. सासऱ्यांचा उमरेडला स्टुडिओ होता, त्यांचा एक जुना फ्लॅश कपाटात सापडला. नाव पुसलंय, चार पेन्सिल सेल लागतात, खाली पायाला एकच पिन. त्याच्यासाठी दोन ॲडॉप्टर मागवले, एक कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच), एक फ्लॅशखाली, आणि मधे पीसी कॉर्ड, म्हणजे फ्लॅशला इशारा पोचवणारी वायर. (सीताबर्डीत एका दुकानात पीसी कॉर्ड मागितली तर त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढून दिली होती!)

फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबलं की कडक उडतो. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की शटर वाजतं आणि फ्लॅश ढिम्म. सेल बदलले, वायर उलटसुलट लावली, ॲडॉप्टर पुसला. आता काय बदलू?

हिंगणा_टी_पॉइंट

ताई, वायरचा जमाना गेला. रेडिओ ट्रिगर घ्या, वायरशिवाय फ्लॅश उडवतो, मोकळे व्हा. मी मागच्या सीझनला सगळ्या वायरी भंगारात दिल्या.

बडकस_चौक

थांब रे बाबा. आधी रोग तर कळू दे.

पोरी, एक पैसाही खर्च करू नको. कॅमेऱ्याचा हॉट शू उजेडात धरून बघ. बरोबर मधोमध एक मोठा गोल ठिपका दिसतो का? नाही दिसणार. तुझ्या मॉडेलला कॅननने तो दिलाच नाही. जे बारके ठिपके आहेत ते कॅननच्या फ्लॅशशी त्यांच्या भाषेत बोलायला. तुझ्या ॲडॉप्टरला ती भाषा येत नाही. त्याला एवढंच ठाऊक की शटर उघडलं की मधला ठिपका आणि कडेची पट्टी आतून जोडली जातात आणि फ्लॅश उडतो. इथे मधला ठिपकाच गायब, तर तो बिचारा कोणाची वाट पाहणार?

मला हे कसं कळलं ते सांगतो. भाच्यानं हीच बॉडी घेतली आणि वर्धमाननगरच्या एका रिसेप्शनला माझा जुना ट्रिगर त्याच्यावर चढवला. उडेना. मी आपला खोडरबर घेऊन अर्धा तास हॉट शू घासून राहिलो. नवरा-नवरी स्टेजवर उभे, पाहुण्यांची रांग जेवणाच्या टेबलापर्यंत. भाचा म्हणाला, "मामा, इथं पिनच नाही." पस्तीस वर्षं या धंद्यात काढून जे पहिल्यांदा पाहायला पाहिजे ते शेवटी पाहिलं.

तरी वायरवरचा संशय फेडून घे. कॅमेऱ्याकडचा ॲडॉप्टर काढ. कॉर्डचं ते टोक मोकळं धर, त्यात मधे एक पिन आणि भोवती कडं असतं. फ्लॅश चालू कर, लाल दिवा लागू दे, आणि प्लास्टिकचं कव्हर असलेल्या तारेच्या तुकड्यानं पिन आणि कडं एकमेकांना टेकव. फ्लॅश उडाला म्हणजे फ्लॅश, त्याच्या खालचा ॲडॉप्टर आणि वायर, तिघंही निर्दोष. उघड्या बोटांनी करू नको, जुने फ्लॅश चावतात.

तुझ्या या जोडणीत सांधे चार आहेत: कॅमेरा-ॲडॉप्टर, ॲडॉप्टर-वायर, वायर-ॲडॉप्टर, ॲडॉप्टर-फ्लॅश. त्यातले मधले दोन कायमचे कुरकुरे. पीसी म्हणजे प्रॉन्टर-कॉम्पुर, शटरच्या दोन जर्मन जाती. कॉम्प्युटरशी त्याचा काही संबंध नाही, दुकानदाराला सांग. ते टोक नुसतं दाबून बसवलेलं असतं, ना आटा ना खटका. वायरला जरा हिसका बसला की निसटतं. आमच्या वेळी प्रत्येकाच्या बॅगेत बारीक पक्कड असायची. कडं ढिलं झालं की हलकेच चिमटायचं, जास्त दाबलं की चपटं, मग गेलं. रिळाच्या काळात तर निसटलेलं कळायचंही नाही. मी एकदा महालातल्या एका वाड्यात सप्तपदीचं आख्खं रीळ काळं आणलंय. छत्तीस फोटो. त्या घरचे अजून रस्त्यात भेटले की विषय काढतात.

काही जुन्या कॅमेऱ्यांना सिंकचे, म्हणजे शटर आणि फ्लॅशची वेळ जुळवायचे, दोन पर्याय असायचे, एम आणि एक्स. एम जळणाऱ्या बल्बसाठी, एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. चुकून एम वर राहिलं की फ्लॅश शटर उघडायच्या आधीच उडून मोकळा. पण ते जाऊ दे, भरकटलो.

सोल्डरगन

काकांचं निदान शंभर टक्के बरोबर. मी त्यात एक भीती घालतो.

ताई, ती पिन नाही हे तुमचं नशीब असू शकतं. फ्लॅशच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. जुन्या डिझाइनमध्ये त्यातला बराचसा थेट पायाच्या पिनवर यायचा, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यात सिंक म्हणजे पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांना काय फरक पडतो. आता आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, एवढ्या दाबानं तो जळू शकतो. सुरुवातीच्या काही व्हिविटार २८३ फ्लॅशमध्ये पिनवर २०० व्होल्टच्या वर मिळतात. आयएसओ १०३३० या मानकात जास्तीत जास्त २४ व्होल्ट धरले आहेत. निकॉन आपल्या कॅमेऱ्यांना २५० पर्यंत चालतं म्हणतं, पण प्रत्येक बॉडी तशी नसते.

मोजायला सोपं आहे. मल्टिमीटर डीसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर. फ्लॅश चालू, लाल दिवा लागलेला. लाल काडी मधल्या पिनवर, काळी पायाच्या कडेच्या पट्टीवर. मीटर डिजिटलच घ्या, जुना काट्याचा मीटर स्वतःच करंट ओढतो आणि आकडा कमी दाखवतो. मापलं की इथे टाका, उत्सुकता आहे.

संत्राकुंडी

काका, खरंच ठिपका नाहीये! कॅमेरा घेऊन दोन वर्षं झाली, कधी लक्षच गेलं नाही. तारेनं टेकवल्यावर फ्लॅश उडाला. मुलगी दचकून ओरडली.

शेजारच्या दादांच्या मीटरवर १८४ आले. दोनदा मापलं. हे वाईट ना?

सोल्डरगन

१८४! हा फ्लॅश कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्याला वायरनं जोडू नका. तुमच्याही नाही, उसन्या आणलेल्याही नाही. ॲडॉप्टरनं हा दाब कमी होत नाही, तो फक्त पुढे पोचवतो.

बडकस_चौक

सासऱ्यांचाच फ्लॅश वापरायचा असेल तर एक वाट आहे. ऑप्टिकल स्लेव्ह. छोटी डबी असते, फ्लॅश तिच्यावर बसतो, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की ती याला उडवते. कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच नाही, म्हणून पिन नको आणि तुझे १८४ व्होल्टही कॅमेऱ्यापर्यंत जात नाहीत. जुना फ्लॅश झेपणारी डबी घे, दुकानात मापलेला आकडा सांग.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश इशारा देईल. त्याचा उजेड अळीवर नको असेल तर त्याच्यासमोर धुतलेल्या रंगीत रिळाचं सुरुवातीचं काळं टोक चिकटव. डोळ्याला काळं दिसतं, पण त्यातून इन्फ्रारेड पार जातं आणि स्लेव्हला तेवढं पुरतं. माझ्याकडे अशा टोकांचा बिस्किटाचा डबा भरलाय, हवं तर बडकस चौकात ये.

खोच एकच. तुझा कॅमेरा आधी एक बारीक फ्लॅश मारून उजेड मोजतो, मग खरा मारतो. स्लेव्ह पहिल्यालाच फसते. त्यासाठी अंगठ्याजवळचं चांदणीचं चिन्ह (*) असलेलं बटण दाब. मोजणीचा फ्लॅश तेव्हाच निघून जाईल, सासऱ्यांचा फुकट उडेल, तो परत भरला की मग फोटो. शटर १/२०० च्या वर जाणार नाही, कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडा असला की तो तिथेच अडवतो, नाहीतर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी आली असती. फ्लॅशवर बटर पेपरचे दोन थर लाव, इतक्या जवळून तो अळीला भाजल्यासारखा पांढरा करेल.

संत्राकुंडी

रविवारचा हिशोब. काका, तुमच्याकडून नेलेलं काळं टोक चाललं, विश्वासच बसला नाही. पानावरच्या शिटेवाल्या लहान अळ्यांचे चांगले फोटो आले, एका बाजूनं उजेड, अंगावरचे खडबडीत उंचवटे दिसतात.

शिंग मात्र नाही. चांदणीचं बटण दाबायचं, फ्लॅश फुकट उडतो, परत भरायला नऊ सेकंद. तोवर अळीला डिवचून ठेवावं तर ती शिंग आत घेऊन मोकळी. पुन्हा डिवचलं की वास सोडते. सात वेळा केलं, आठव्यांदा मलाच तिची कीव आली. भर दुपारी तर स्लेव्ह इशारा ओळखेचना, हाताची सावली धरावी लागली.

सोल्डरगन

मग आता टीटीएल कॉर्ड (टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश ठरवणं). पीसी कॉर्डमध्ये दोन तारा असतात, यात हॉट शूचे सगळे ठिपके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. कॅमेऱ्याला वाटतं फ्लॅश डोक्यावरच आहे, मोजणीपण तोच करतो. कॅननची ओसी-ई३ साठ सेंटिमीटरची आहे, लग्नाला तोकडी, अळीला भरपूर. फक्त फ्लॅश कॅननची भाषा बोलणारा पाहिजे. कॅननचाच जुना ४३०ईएक्स २ वगैरे बघा. बाहेरच्या कंपनीचा घेत असाल तर दुकानात स्वतःच्या बॉडीवर लावून उडवा, मगच पैसे द्या. एका पिनचे स्वस्त फ्लॅश या कॉर्डवरही उडणार नाहीत.

हिंगणा भाऊ, रेडिओ ट्रिगरलाही तीच अट. गोडॉक्सचा एक्स२टी घेतला तर कॅननचा घ्यावा लागतो, आणि या बिनपिनच्या बॉडीसाठी त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवं लागतं.

हिंगणा_टी_पॉइंट

हे मला माहीत नव्हतं. ताई, माझ्याकडे टीटीएल कॉर्ड पडून आहे, थर्ड पार्टी आहे पण चालते. भंगारवाल्यानं ती घेतली नव्हती. न्या.

संत्राकुंडी

आलं शिंग! हिंगणा भाऊंची कॉर्ड, ऑफिसातल्या एका मॅडमचा ४३०ईएक्स २. डाव्या हातात फ्लॅश, उजव्या हातात कॅमेरा, डिवचायचं काम मुलीनं मोरपिसानं केलं. एफ ११, १/२००, दुसऱ्याच फोटोत. नारिंगी, ओलसर, आरपार दिसणारं. कोपऱ्यात मोरपीसपण आलंय, ते कापणार नाही.

सासऱ्यांच्या फ्लॅशचं काय करू? टाकवत नाही.

बडकस_चौक

टाकू नको. सेल काढून ठेव, नाहीतर आत गळतील. महिन्यातून एकदा सेल घालून चार-पाच वेळा उडव, कपॅसिटर पडून राहिला की मरतो. आणि ते काळं टोक परत नको आणू, डब्यात भरपूर आहेत.