पंधराव्या डॉक्टरला निरोप दिला की नुसता उरकला?

वडसेकर

'डॉक्टर हू'मधून पंधरावा डॉक्टर शूटी गॅटवा गेला त्याला काही महिने झाले. दिवाळी झाली, आमच्याकडे गावोगावच्या मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, लागल्या, देसाईगंजच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावाला निघू लागल्या, तरी आमच्या चारचौघांतला हा वाद मिटायला तयार नाही. म्हणून इथे मांडतो.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीबीसीची ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. नायक परग्रहावरचा, नाव फक्त 'डॉक्टर'. निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या टार्डिस नावाच्या यानातून तो काळात फिरतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर पालटतं, चेहरा बदलतो, स्वभावही थोडा बदलतो. म्हणजे नट जातो, पात्र राहतं. ३१ मे २०२५ च्या 'द रिअॅलिटी वॉर' या भागात गॅटवाचा डॉक्टर असाच गेला. पॉपी नावाची एक लहान मुलगी जगाच्या आठवणीतूनच पुसली जाते. तिला परत आणण्यासाठी तो स्वतःची जीवनशक्ती खर्चून सगळं वास्तव एका अंशानं फिरवतो. मग टार्डिसचं दार उघडून ताऱ्यांकडे बघत एकटाच जातो. त्याच्या जागी दिसते बिली पायपर.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा निरोप नव्हता, उरकणं होतं. गॅटवाला मिळालं किती ते बघा. आठ-आठ भागांचे दोन हंगाम आणि नाताळचे दोन विशेष भाग. त्यातही '७३ यार्ड्स' आणि 'डॉट अँड बबल' या भागांत तो जेमतेम दिसतो, कारण तेव्हा त्याचं दुसऱ्या मालिकेचं चित्रीकरण संपायचं होतं. मालिकेचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य नट, रवांडात जन्मलेला, वंशसंहाराच्या काळात कुटुंबासह स्कॉटलंडला आलेला. काय ताकदीचा नट! 'डॉट अँड बबल'चा शेवट आठवा. ज्यांचा जीव वाचवायला तो धावला ती मंडळी केवळ त्याच्या रंगामुळे त्याच्यासोबत यायला नकार देतात. तेव्हा तो आधी हसतो, मग त्याच हसण्याचं रडणं होतं आणि रडण्याचं ओरडणं. मध्ये कुठे सांधा दिसत नाही. असा नट हाताशी असताना शेवटच्या भागाचा मोठा वाटा कशावर गेला? 'राणी' नावाची खलनायिका, तिची योजना आणि ओमेगा हा जुना खलनायक. तो ओमेगा तरी काय, आला आणि काही मिनिटांत आटोपलाही. डॉक्टर मरणार आहे हे कळेपर्यंत भाग संपत आलेला असतो.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षक ब्लँकेट गुंडाळून बसतो, पण नायकाच्या मरणाचा प्रवेश घाईत झाला तर दुसऱ्या दिवशी टपरीवर कंपनीची सालटी काढतो. त्याला लांबड हवी असते असं नाही. हा माणूस जाणार याची चाहूल त्याला आधीच्या अंकात लागायला हवी असते. ती इथे लागली नाही.

ब्रह्मपुरीचे गुरुजी

वडसेकर, तुझी कळकळ समजते, पण तुझा पायाच मला मान्य नाही.

ऑक्टोबर १९६६. 'द टेन्थ प्लॅनेट'चा शेवट. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळत चालली होती, मालिका तर चालवायची होती. डॉक्टर टार्डिसच्या जमिनीवर कोसळतो आणि त्याचा चेहरा पालटून पॅट्रिक ट्रॉटन होतो. भाषण नाही, आठवणींची मिरवणूक नाही. पुढच्या प्रत्येक निरोपाचं मूळ तिथे आहे आणि तो निरोप हा इतकाच.

सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांचं तर त्याहून वाईट. १९८६ नंतर त्यांना काढलं, केवळ मरण्याच्या प्रसंगासाठी परत यायला त्यांनी नकार दिला. मग १९८७ च्या पहिल्या भागात सिल्वेस्टर मॅकॉय यांनाच कुरळा सोनेरी टोप घालून, बेकर यांचे कपडे चढवून पालथं झोपवलं आणि चेहरा बदलल्याचं दाखवलं. ज्याला निरोपच नाही असा डॉक्टरही या मालिकेनं पचवला. नट मोठा की भूमिका, याचं उत्तर मालिकेनं १९६६ लाच देऊन टाकलं आहे. लांबलचक निरोप ही २००५ नंतरची सवय, आणि ती मला आवडत नाही.

राहिली झाडीपट्टी. तुझ्याच भागातल्या कंपन्यांत एखाद्या हंगामात नट बदलतो, तेव्हा नाटक थांबतं का? पहिल्या दोन प्रवेशांत लोक कुजबुजतात, तिसऱ्यात विसरतात.

तिवशाचा कपाशीवाला

गुरुजी, तुमचं वय मोठं, अभ्यास मोठा, पन हे मले पटत नाई. नट बदलन्याचं मले काईच वाटत नाई. बदलला कोनासाठी, थे पाहा न!

जोडी व्हिटेकर पयली बाई डॉक्टर. ऑक्टोबर २०२२ मध्ये थे गेली आन् तिच्या जागी कोन आला? डेव्हिड टेनंट! २०१० मध्ये जाऊन चुकलेला जुना मानूस. आता गॅटवा गेला आन् कोन आली? बिली पायपर, २००५ ची डॉक्टरची सोबतीण रोज टायलर. दोन डाव नवं कोनी आनलं, दोन्ही डाव त्यायच्या मांगं जुनं तोंड आनून उभं केलं. शेवटी नावाच्या पाट्यांत बिली पायपर 'डॉक्टर' म्हनून आली असंही लिवलं नाई, नुसतं तिचं नाव. म्हंजे पोरगा गेला त्या रातीपासून सारे लोक बोलत काय होते? थे खरंच डॉक्टर हाये का नाई, हेच. गॅटवाचं कोनी बोललंच नाई. वाढप व्हायच्या आंधीच पत्रावळ उचलली राजेहो त्याची.

मले राग याचाच हाये. त्याच्या शेवटच्या रातीची चर्चासुद्धा त्याची राहू देली नाई.

लोणारकर

कपाशीवाले भाऊ, शेवटच्या चौकटीत धक्का देणं हा मालिकेचा जुनाच धंदा आहे, तो गॅटवावर अन्याय कसा?

आणि ज्यांना लांब निरोप हवा आहे त्यांनी टेनंटचा 'द एंड ऑफ टाइम' पुन्हा बघावा. १ जानेवारी २०१० ला दुसरा भाग आला. विल्फ्रेड आजोबांना वाचवण्यासाठी डॉक्टर किरणोत्सर्ग अंगावर घेतो. तो प्रसंग अप्रतिम आहे, त्याच्याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर तो एकेका जुन्या सोबत्याला भेटत फिरतो, आणि जाताना म्हणतो की मला जायचं नाही. पुढचा डॉक्टर मॅट स्मिथ उभा राहायच्या आधीच प्रेक्षकाच्या मनात बसलं की हा नको असलेला पाहुणा आहे. जाणाऱ्याला इतकं गोंजारलं की येणाऱ्याचं नुकसान होतं. गॅटवा तक्रार न करता, ज्या मुलीसाठी जायचं तिच्यासाठी गेला. मला तेच डॉक्टरला शोभणारं वाटतं.

उपकेंद्रातली सिस्टर, अर्जुनी मोरगाव तालुका

तुम्ही सगळे दादा लोक डॉक्टरवरच बोलता आहात. बेलिंडाचं नाव अजून एकानंही घेतलं नाही, म्हणून लिहिते.

बेलिंडा चंद्रा, गॅटवाच्या दुसऱ्या हंगामातली डॉक्टरची सोबतीण, केरळात जन्मलेल्या वरदा सेतूनं केलेली. नर्स. पहिल्याच भागात तिला न विचारता तिचा डीएनए तपासला म्हणून तिनं डॉक्टरला तोंडावर सुनावलं होतं, मी तुझ्या साहसातला एक प्रसंग नाही म्हणून. मी त्या क्षणी तिची झाले. इतक्या वर्षांत टार्डिस बघून हरखून न जाता मला घरी सोड, माझी ड्युटी आहे म्हणणारी बाई मी पाहिली नव्हती. अख्खा हंगाम ती २४ मे २०२५ या तारखेला परत पोचायची धडपड करते.

आणि शेवटी काय? जग एका अंशानं फिरतं आणि कळतं की ती आधीपासूनच पॉपीची आई होती, घरी जायची घाई लेकीसाठी होती. आधीचे प्रसंगच बदलून दाखवले! म्हणजे तिची ड्युटी, तिचा राग, तिचं स्वतःचं आयुष्य हे काही कारण म्हणून पुरेसं नव्हतं. मी दोन लेकरांची आई आहे. लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून, त्यातले बर्फाचे पॅक वितळायच्या आत वस्तीवर पोचायचं असतं. तेव्हा मी घाईत असते ती माझ्या कामामुळे. घरी लेकरं आहेत म्हणून ती घाई खरी आणि नाहीतर खोटी, असं कुणी ठरवू नये.

बेलिंडाला विचारलं असतं, तुझं आयुष्य असं बदललं तर चालेल का? तिनं हो म्हटलं असतं तर मी हा शेवट डोक्यावर घेतला असता. डॉक्टरनं आपला जीव दिला, तो त्याचा होता. तिचं आयुष्य त्याचं नव्हतं. पहिल्या भागात जी चूक तिनं त्याला दाखवली, तीच शेवटच्या भागात त्यानं मोठ्या प्रमाणात केली, आणि सगळे त्याला त्याग म्हणतात.

साकोलीची

ताई, तुमचा मुद्दा वाचून हंगामाच्या त्या बाजूचा विचार करावाच लागेल. पण वडसेकर दादा म्हणतात की चाहूलच नव्हती, ते मी मान्य करणार नाही.

माझ्यासाठी गॅटवाच पहिला डॉक्टर. मी टेनंट, कपाल्डी हे आधीचे डॉक्टर नंतर मागे जाऊन पाहिले. त्यामुळे त्याचे भाग मी कुणाशी तुलना न करता पाहिलेत. पॉपी आभाळातून पडली नाही. ११ मे २०२४ च्या 'स्पेस बेबीज'मध्येच ती आहे, अंतराळस्थानकावर सोडून दिलेल्या बाळांमधली एक. गॅटवाची पहिली सोबतीण रूबी संडे नाताळच्या रात्री चर्चच्या दारात सोडलेली मुलगी. डॉक्टर स्वतः कुणीतरी टाकून दिलेलं आणि सापडलेलं लेकरू. दोन्ही हंगामांत तो एकच प्रश्न फिरतो आहे: ज्यांना जगानं टाकलं, त्यांना कोण आठवतं? पॉपीला सगळे विसरतात तेव्हा रूबीलाच ती आठवते. कारण रूबीला विसरलं जाणं म्हणजे काय ते माहीत आहे. हा डॉक्टर एका विसरलेल्या लेकरासाठी जाणार नाही तर कशासाठी जाईल?

वडसेकर

साकोलीची, तू 'स्पेस बेबीज' आणलंस ते बिनतोड आहे. विषयाची चाहूल होती, हे खरंच. मी म्हणतो ती चाहूल मरणाची. दोन्ही वेगळ्या.

गुरुजी, तुम्ही जुनं काढलंत तर मीही जुनंच काढतो. १९८४, 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी', पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन. त्यातही लांब निरोप नाही. पण पहिल्याच भागात त्याला आणि त्याची सोबतीण पेरीला विषबाधा होते, आणि तिथून चारही भाग तो मरत मरतच चाललेला असतो. शेवटी औषध एकालाच पुरेल इतकं उरतं, ते तो पेरीला देतो. भाषण नाही, कुणाच्या घरी भेटीगाठी नाहीत, आणि तरी प्रत्येक मिनिट त्या मरणाकडे जातं. मला गॅटवासाठी टेनंटसारखी मिरवणूक नको होती. मला हे हवं होतं. पॉपी नाहीशी झाल्याचं भागाच्या सुरुवातीलाच कळलं असतं, आणि ओमेगाचा गोंधळ घालायच्या ऐवजी पूर्ण तासभर डॉक्टर, रूबी आणि बेलिंडा त्या एकाच प्रश्नाशी झुंजले असते, तर सिस्टरांचा आक्षेपही उरला नसता. कारण मग बेलिंडाला विचारायला वेळ मिळाला असता.

नट मोठा की भूमिका याबद्दल एवढंच. आमच्या भागातले परशुराम खुणे यांना झाडीपट्टीतल्या कामासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती भूमिकांना मिळाली नाही, माणसाला मिळाली. नट बदलला की नाटक थांबत नाही हे कबूल, पण लोक विसरतात हे कबूल नाही. तिसऱ्या प्रवेशात ते गप्प बसतात, एवढंच.

तिवशाचा कपाशीवाला

वडसेकर भाऊ, पटलं. पन बीबीसीले माफी नाई. आठ भागायचा हंगाम करता, त्यातले दोन नायकाबिगर काढता, मंग निरोपाले वेळ नाई पुरला म्हनता! टॉम बेकरले सात वर्सं भेटली. कपाल्डीले तीन हंगाम भेटले, आन् शेवटी आपल्याच पुढच्या रूपाले चार शब्द सांगून जायाचा मोका भेटला. गॅटवाले काहून नाई?

ब्रह्मपुरीचे गुरुजी

कपाशीवाले, एकल्स्टन यांना तेरा भाग मिळाले. पॉल मॅकगॅन यांना १९९६ चा एक टीव्ही चित्रपट मिळाला आणि जाण्याचा प्रसंग थेट २०१३ मध्ये, तोही काही मिनिटांच्या छोट्या भागात. तरी आजही लोक मॅकगॅनवर जीव टाकतात. किती मिळालं यावरून नटाची उंची ठरवू नका.

वडसेकर, अँड्रोझानीचा दाखला चोख आहे. मी ती कथा मालिकेतल्या सर्वोत्तमांत धरतो. पण डेव्हिसनचा डॉक्टर पहिल्या भागापासून मरत होता, म्हणून तो शेवट थोर. आणि गॅटवाचा डॉक्टर जिंकून, सगळं ठीक झालं असं वाटून नाचत असताना एका लेकराच्या रिकाम्या जागेपाशी अडखळतो, तेही मला तितकंच खरं वाटतं. आयुष्यात बहुतेकांना चाहूल लागत नाही.

सिस्टर, तुमच्या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही. तो आक्षेप उभाच राहतो.

उपकेंद्रातली सिस्टर, अर्जुनी मोरगाव तालुका

गुरुजी, उत्तर तुम्ही द्यायचं नाहीच, मालिकेचे लेखक रसेल टी डेव्हिस यांनी द्यायचं आहे. डिस्नीसोबतची भागीदारी संपली, २०२६ च्या नाताळचा विशेष भाग तेच लिहिणार असं बीबीसीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. सगळ्यांना बिली पायपरचं कोडं सुटायला हवं आहे. मला त्यात बेलिंडाचा एक प्रसंग हवा आहे. कुणीतरी तिच्या दारात जावं आणि तिला सांगावं की तुझं आधीचं आयुष्य असं होतं, ते तुला न विचारता बदललं. मग तिला काय म्हणायचं ते म्हणू द्यावं.

लोणारकर

सिस्टर, तो प्रसंग आला तर पॉपीचं काय? खरं सांगितलं की त्या मुलीला कळणार, आपण एका अंशाच्या फरकानं आलो. मी तरी तिला ते सांगणार नाही.

उपकेंद्रातली सिस्टर, अर्जुनी मोरगाव तालुका

मुलीला नका सांगू. आईला सांगा. मुलीला कधी आणि किती सांगायचं ते आई ठरवेल.