‘काहीच घडत नाही’ म्हणे!

माणदेशी_मास्तर
परवा इथंच ‘राजवाडा_चौपाटी’ नावाच्या गृहस्थांनी ‘वर्षभरातली सात पुस्तकं, सात ओळी’ असा धागा टाकला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सगळा निकाल देतो, फार जागा लागत नाही. मृत्युंजय: कर्णाची वकिली, निम्म्यात सोडलं. ययाति: म्हाताऱ्याची हौस, पोराचं नुकसान. कोसला: मुलगा पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो, परत येतो. फकिरा: जोरदार, पण सिनेमा बघितल्यासारखं. एका कोळियाने: मासा धरला, मासा गेला, म्हातारा झोपला. रारंग ढांग: दहापैकी दहा. आणि बनगरवाडी: काहीच घडत नाही.

खाली लोक खो खो हसतायत.

बाकीच्या सहांचं ज्याचं त्यानं बघावं. मी आटपाडी तालुक्यातला, म्हणजे बनगरवाडी लिहिणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या मुलखातला. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं काढली, त्यातली पहिली सहा एकशिक्षकी शाळेत. त्यामुळे शेवटच्या ओळीला उत्तर देणं मला भाग आहे.

काय घडत नाही? पोरं मेंढरामागं जातात म्हणून कोवळा मास्तर दारोदार हिंडतो. शेकूला औताला दुसरा बैल मिळत नाही तर त्याची बायको जुवाला खांदा लावते. अख्खी वाडी राबून तालीम उभी करते, तिच्या उद्घाटनाला राजा येतो. मग पाऊस दडी मारतो आणि घरामागून घर उठतं. एक गाव डोळ्यांदेखत रिकामं होतं. याहून जास्त काय घडायला पाहिजे? खून?

बहात्तरला मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या वस्तीवरची निम्मी घरं कृष्णाकाठाला गेली. आई खडी फोडायला जायची, घरात मिलोच्या तांबड्या भाकरी. जाणारी माणसं कुलूप लावत नव्हती. आत ठेवायला होतं काय? दाराला बाभळीची फेसाटी लावायची आणि चालू लागायचं, म्हणजे कुत्री शिरू नयेत. सकाळी मोजायचो, आज किती दारांना काटे लागले. पुढं डी.एड.ला असताना बनगरवाडी वाचली, तर ती शेवटची पानं मला वाचून पुरी करता येईनात. आणि हे म्हणतात, काहीच घडत नाही.

राजवाडा_चौपाटी
नमस्कार सर. तो धागा माझाच. मी समीक्षक नाही, एका बँकेत नोकरी करतो. सातारा-कराड रोजचं येणं-जाणं, एस्टीत वाचतो. पुस्तक आवडलं का नाही हे सांगायला मला पाच पानी परीक्षण लिहिता येत नाही. आणि थोरामोठ्यांनी थोर म्हटलं म्हणून आम्हीही थोर म्हणायचं, तर मत विचारताच कशाला?

बहात्तरचा दुष्काळ तुमच्या मनात आहे, तो पुस्तकात नाही. माझ्याकडे तो नाही. मला फक्त छापलेली पानं दिसतात.

यवतेश्वर_घाट
मास्तर, लिहिलंय झकास. एकच दुरुस्ती. तालमीला येणारा राजा औंधचा, आणि औंध आजही खटाव तालुक्यात, सातारा जिल्ह्यात. तेव्हा बनगरवाडी आमची.

खणभाग_सायकल
आली स्वारी! अहो, माडगूळकरांचं गाव माडगुळे आटपाडी तालुक्यात, आटपाडी सांगली जिल्ह्यात. संपलं.

यवतेश्वर_घाट
आज आहे हो. पुस्तक आलं १९५५ साली. तेव्हा सांगली जिल्हा नावाची चीजच नव्हती. १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे प्रकाशनाच्या दिवशी ती सातारची कादंबरी होती. फकिराचंही तेच. अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावात जन्मले, तेव्हा वाळवा तालुका कुठल्या जिल्ह्यात होता ते आजोबांना विचारा.

खणभाग_सायकल
हीच तुमची जुनी खोड. पत्रीसरकारलाही ‘साताऱ्याचं’ म्हणायचं आणि क्रांतिसिंह येडेमच्छिंद्रचे. माणसं आमची, नाव तुमचं. खांडेकरांवर तरी हक्क सांगू नका, ते खुद्द सांगलीत जन्मले.

यवतेश्वर_घाट
ययाति तुम्हालाच ठेवा. ज्ञानपीठासकट.

कृष्णाकाठची
ययातिवर हसणाऱ्यांनी जरा थांबा.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं होतं. बाबांचं कपाट खाली. पाणी उतरल्यावर कपाटाचं दार उघडेना, कारण आत पुस्तकं फुगून एकमेकांत रुतून बसली होती. दादानं पहारीनं फळी तोडली. बहुतेक पुस्तकं चिखलासारखी हातात आली. बाबांनी त्यातली अकरा निवडली. पानापानात टाल्कम पावडर मारायची, मध्ये काड्यापेटीतल्या काड्या घालायच्या, पंख्याखाली उभी करायची. घरात गाद्या नाहीत, भांड्यांना गाळाचा वास, आणि हा माणूस ययातिची पानं सुटी करत बसलाय. आई इतकी चिडली होती की दोन दिवस बोलली नाही.

त्या प्रतीत शर्मिष्ठेची बरीच पानं अजून चिकटलेली आहेत. बाबा म्हणायचे, असू दे, मला पाठ आहेत. आता बाबा नाहीत. आणि कुणीतरी ‘म्हाताऱ्याची हौस’ लिहितं, लोक हसतात.

राजवाडा_चौपाटी
ताई, वाईट वाटलं वाचून. पण माझं वाक्य ययाति राजाबद्दल होतं, तुमच्या वडिलांबद्दल नाही.

कृष्णाकाठची
ते कळतंय मला. मी काही मंद नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तो राजा आवडत नाही. चारशे पानं स्वतःची समजूत काढत बसतो. पण ते मी म्हणायचं, तुम्ही नाही.

कंदीपेढा
कोसलाची ओळ वाचून माझंही डोकं उठलं. ‘पैसे उडवतो, परत येतो.’ मधे त्याची धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते, ती पानं वाचली का? माझी बहीण गेली तेव्हा मी सांत्वनाला आलेल्या एकाशीही धड बोललो नाही, पण ती पानं तीनदा वाचली. एवढंच लिहितो.

मृत्युंजयबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं. वकिली म्हणजे वकिलीच. साक्षीदार सहा आणले: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी साक्षात श्रीकृष्ण. सहाही एकाच पक्षकाराचे. उलटतपासणी नाही.

हळद_बाजार
मृत्युंजयला नावं ठेवायची नाहीत. आमच्या दुकानात हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांनी एकच प्रत वाचली, कव्हर गेलं, पहिली आठ पानं गेली, तरी फिरत होती. कोसलाची प्रत कुणी फाटेपर्यंत वाचलेली दाखवा. आणि कोसलाचा नायक सांगवीकर, तो सांगलीकर नव्हे, आधीच सांगतो, नाहीतर यवतेश्वरवाले त्यालाही दक्षिण साताऱ्यात टाकतील.

खणभाग_सायकल
प्रतीचा विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं ऐका. मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे तिथं कुणीतरी एक महाभाग पेन्सिलनं पुस्तकं तपासतो. रारंग ढांगमध्ये अपघाताच्या आधीच्या पानावर समासात लिहिलंय, ‘आता बघा’. बनगरवाडीत ‘सुंदर वर्णन’, ‘सुंदर वर्णन’, ‘येथे चहा प्यावा’. होय, चहा! ग्रंथपालांना दाखवलं तर म्हणाले, तुम्ही खोडरबर आणा. वर्गणी मी भरायची, खोडायचं पण मीच.

हळद_बाजार
चहाचं मला पटलं. चहा घेऊनच वाचायचं पुस्तक आहे ते.

खरसुंडी_वडाप
मास्तर, राग मानू नका, मी तुमच्याच तालुक्यातला हाय. पर मला त्या पुस्तकाचाच वैताग आलाय. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, आता हितं डाळिंबं हाईत, शेततळी हाईत. तरी पुण्यामुंबईची माणसं येत्यात आन इच्यारत्यात, वाडी कुठाय? गेल्या उन्हाळ्यात एकजण माझ्या बागंत, डाळिंबाच्या झाडाखाली हुबा ऱ्हाऊन म्हणतोय, इथं दुष्काळ असतो ना? मी काय बोललो न्हाई. कॉक फिरवला, ठिबक चालू केलं. त्याचं बूट भिजलं.

माणदेश म्हणलं की सोयरीक मोडती अजून. पोरीचा बाप पुस्तक वाचत न्हाई, पर त्याच्या डोक्यात तीच वाडी बसलीया. सत्तर वर्सं झाली की ओ त्या गोष्टीला.

माणदेशी_मास्तर
बाळा, तुझी बाग फुलली याचा आनंद आहे. पण दुष्काळ गेला म्हणून दुष्काळाचं पुस्तक खोटं पडत नाही. आणि पाणी सगळ्यांच्या शिवारात पोचलंय असं छातीवर हात ठेवून सांग.

खरसुंडी_वडाप
न्हाई पोचलं. माझ्या चुलत्याच्या रानात न्हाई. पर ते तुम्ही बोला, पुस्तक कशाला मधी.

यवतेश्वर_घाट
आटपाडीला आम्ही काय दिलं तेही सांगा. स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत कुणाच्या राजवटीत झाली? औंधच्या.

माणदेशी_मास्तर
औंध संस्थान तुमच्या वडिलांचं नव्हतं. १९२७ साली माडगूळकर जन्मले तेव्हा माडगुळे ना साताऱ्याचं ना सांगलीचं, ते औंधचं. संस्थान १९४८ ला विलीन झालं. आता त्यांना कुठल्या जिल्ह्यात घालायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा आणि मला पत्र टाका.

शिवसागर_तळ
मघापासून गाव तुमचं का आमचं चाललंय म्हणून लिहितो. माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरणानंतर त्यांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली, तिथं त्यांचं मन लागलं नाही, ते परत येऊन पाटणला नातेवाइकांच्या पडवीत राहिले. आमचा जिल्हा कुठला म्हणायचा? या यादीत झाडाझडती नाही हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. विस्थापितांवरची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली, आणि साताऱ्यातल्या माणसाला वर्षभरात ती आठवली नाही.

राजवाडा_चौपाटी
मी सात वाचली, सातच लिहिली. न वाचलेल्याबद्दलही आता शिव्या खायच्या का?

कृष्णाकाठची
वाचलेल्याबद्दल विचारते. बनगरवाडी पूर्ण वाचलंत का? मृत्युंजयपुढं ‘निम्म्यात सोडलं’ असं प्रामाणिकपणे लिहिलंय. बनगरवाडीपुढं काहीच नाही.

राजवाडा_चौपाटी
आता विचारलंतच तर. नाही. लग्नानंतर आम्ही दोघं भिलारला गेलो होतो, पुस्तकांच्या गावाला. घरोघरी कपाटं असतात, कुणीही बसून वाचावं. एका ओसरीवर बनगरवाडी हाताला लागली. चाळीसेक पानं झाली. मग बायको म्हणाली, स्ट्रॉबेरी घ्यायच्यात आणि पाचगणीची गाडी जाईल. पुस्तक परत कपाटात ठेवलं. पण चाळीस पानांत काही घडत नाही हे खरं आहे की नाही?

माणदेशी_मास्तर
चाळीस पानं! उणंपुरं सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक, त्यातली चाळीस, तीही स्ट्रॉबेरीच्या घाईत! आणि त्याच्यावर निकाल! वर्गात असता तर अंगठे धरून उभं केलं असतं.

राजवाडा_चौपाटी
तोंड सांभाळून सर. अंगठे धरायचे दिवस गेले.

आणि एक विचारू? पहिलीपासून दहावीपर्यंत ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हे आम्हाला कुणी शिकवलं? ‘कवीला कशाचे दुःख झाले? एका वाक्यात.’ दोन वाक्यं लिहिली तर बाई लाल रेघ मारायच्या. चौतीस वर्षं तुम्ही लोकांनीच ते करून घेतलं. आता मी सात पुस्तकांची एकेका वाक्यात उत्तरं लिहिली तर तुम्हालाच राग?

कंदीपेढा
मास्तर, आता बोला.

हळद_बाजार
मास्तर गायब. चहा प्यायला गेले असणार.

माणदेशी_मास्तर
गायब नाही. जेवत होतो.

त्या प्रश्नाला एकच गुण असतो.

राजवाडा_चौपाटी
बरं. दिलात तेवढा घेतो. ओळ बदलतो: ‘चाळीस पानांपर्यंत काही घडत नाही, पुढचं आटपाडीच्या सरांना विचारा.’ चालेल?

माणदेशी_मास्तर
चालणार नाही, पण राहू दे. फकिराची ओळ मात्र तुमची बरोबर होती. तेवढं मान्य करतो, आणि ते तुमच्यामुळं नाही, अण्णा भाऊंमुळं.

राजवाडा_चौपाटी
उपकार झाले. मग उरलेली पानं वाचायला तुमची प्रत मिळेल का? कुरिअरचा खर्च माझा. वाचून परत पाठवतो.

खणभाग_सायकल
मास्तर, देऊ नका. साताऱ्याकडं गेलेलं काही परत येत नाही. औंध अजून तिकडंच आहे.

खरसुंडी_वडाप
पेन्सिल तेवढी नगा लावू म्हणावं.