टर्बो पेट्रोल: बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढला की मिसिंग (सिलिंडर न पेटणं). दोष स्पार्कचा की पेट्रोलच्या दाबाचा?

बूस्टवेडा
१.८ लिटर, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं), प्रत्येक प्लगवर ठिणगीचा दाब देणारी वेगळी कॉइल. आयडलिंग गुळगुळीत. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ०.६ बारच्या पुढे झटके बसतात आणि चेक इंजिन लाइट लुकलुकतो. कोड पी०३०० (कुठल्याही सिलिंडरचं मिसिंग) आणि पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचं). लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली दीर्घकालीन दुरुस्ती) +४ टक्के. झटक्यांच्या वेळी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.८५ वरून थेट १.१ च्या पुढे जातो, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतंय. पंप बदलावा का? प्लगचा गॅप (ठिणगीची फट) १.१ मिमी आहे.

फीलरगेज
पंप राहू द्या. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला ऑक्सिजन न जळता एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर त्यालाच लीन समजतो. लॉगमध्ये क्रम बघा. लॅम्डा आधी हळूहळू वर सरकला आणि मग झटका बसला, तर पेट्रोल कमी पडतंय. ०.८५ वर स्थिर होता आणि झटक्यानंतर उडाला, तर स्पार्क. शिवाय पंप कमजोर असता तर चारही सिलिंडर उपाशी राहिले असते, एकट्या तिसऱ्याचा कोड आला नसता.

१.१ गॅप टर्बोला जास्तच आहे. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज मागते, म्हणून आयडलला चालणारी कॉइल बूस्टमध्ये मार खाते. ०.७ ते ०.७५ ठेवा. इरिडियम प्लग असेल तर मधल्या बारीक टोकाला हत्यार लावू नका, फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवा.

पण गॅपला हात लावण्याआधी अदलाबदल करा: तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात. कोड पी०३०१ झाला तर कॉइल, पी०३०२ झाला तर प्लग, पी०३०३ च राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा.

प्लग काढलाच आहे तर चिनीमाती उजेडात फिरवून बघा. केसासारखी काळी उभी रेघ दिसली तर तिथून स्पार्क खाली उतरतोय. त्याच जागी कॉइलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटच्या आतही माग असतो. दोन्ही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल. लोखंडी भागालगतचा तपकिरी पट्टा मात्र निरुपद्रवी असतो, उगाच त्याला गॅस लीक म्हणतात.

रेलप्रेशर
वरचं पटलं, तरी दाब एकदा मोजाच. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) आणि इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला दाबाचा रेग्युलेटर असेल तर हिशोब सोपा आहे. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आयडलला समजा ३ बार आला, तर ०.८ बार बूस्टला गेजवर ३.८ दिसायला हवा. तो ३.२ वरच अडकला तर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक २.४ उरतो आणि पेट्रोल साधारण १० टक्के कमी पडतं. आयडलला याचा पत्ताही लागत नाही. मग ती नळी चिरली आहे का, फिल्टर तुंबलाय का, आणि लोडवर पंपाच्या टर्मिनलला किती व्होल्ट पोहोचतात ते बघा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त घट असेल तर रिले आणि अर्थिंग तपासा. गेज काचेबाहेर बांधा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका.

इंटरकूलर
एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर टर्बोनंतरचा पाइप निसटल्यावर उलटं होतं: मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, प्लग काजळीने माखतो. तुमचं लीन दिसतंय, त्यामुळे इथे शक्यता कमी. तपासायचंच असेल तर टर्बोचं तोंड बंद करून अर्धा बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जास्त दाब नको, ऑइल सील जातील.

बूस्टवेडा
अदलाबदल केली, आता पी०३०१ येतोय. लॅम्डा झटक्याआधी ०.८५ वरच होता. फक्त गॅप ०.७ करून ही कॉइल चालवली तर?

फीलरगेज
काही दिवस चालेलही, पण कमी गॅपने कमजोर कॉइल फक्त झाकली जाते. कॉइल बदला, बूटसकट. तोवर पूर्ण बूस्ट देऊ नका: लाइट लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.